दहा लाखांचा हिशेब : १९५४ ची मेक्सिकन मजुरांची हद्दपारी

अमेरिकेतल्या विनाकागद स्थलांतरितांना सरसकट बाहेर काढता येईल का, हा वाद पेटला की दाखला १९५४ चा निघतो. १० नोव्हेंबर २०१५ रोजी मिलवॉकीत झालेल्या रिपब्लिकन उमेदवारांच्या वादफेरीत डोनाल्ड ट्रम्प यांनी तेव्हाचे, म्हणजे १९५४ चे, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचे नाव घेतले आणि त्यांनी पंधरा लाख लोक देशाबाहेर हलवल्याचे सांगितले. सप्टेंबर २०२३ मध्ये आयोवातल्या प्रचारात त्यांनी हाच नमुना पुन्हा राबवण्याचे वचन दिले. विरोधकही हेच प्रकरण पुढे करतात, फक्त क्रौर्याचा पुरावा म्हणून. एका गोष्टीवर मात्र दोन्ही बाजूंचे एकमत असते : त्या एका उन्हाळ्यात दहा लाखांहून अधिक माणसे उचलून सीमेपार नेली गेली. घोटाळा नेमका तिथेच आहे.

मोहिमेचे सरकारी नाव ‘ऑपरेशन वेटबॅक’. वेटबॅक म्हणजे ओली पाठ; सीमेवरची रिओ ग्रान्दे नदी पोहून येणाऱ्या मजुराला उद्देशून वापरली जाणारी ही शिवी. सरकारी कागदांवर तीच छापली गेली होती.

आधीची बारा वर्षे

गोष्ट सुरू होते ४ ऑगस्ट १९४२ ला. दुसऱ्या महायुद्धामुळे शेतावर माणसे उरली नाहीत, म्हणून अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात मजूर पुरवठ्याचा करार झाला. या करारावर येणारा मजूर तो ब्रासेरो. येण्याजाण्याचे भाडे, राहायची जागा आणि त्या भागात चालू असलेली मजुरी, एवढे कागदावर ठरलेले. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले १० टक्के बचत म्हणून कापले जात. ते पैसे कित्येकांच्या हाती कधी पडलेच नाहीत. करारावर ज्या मालकाचे नाव, त्याच्याच शेतावर राबायचे. ऊसतोडीच्या उचलीत टोळी मुकादमाला बांधली जाते तसा हा प्रकार, फक्त इथे बांधणारी गोष्ट कर्ज नसून परवाना होता.

टेक्सासमध्ये मेक्सिकनांना मिळणारी वागणूक इतकी वाईट होती की मेक्सिकोने पहिली काही वर्षे त्या राज्यात मजूर धाडायला साफ नकार दिला. टेक्सासच्या कापूस उत्पादकांचे त्यावाचून काही अडले नाही. नदी ओलांडून येणारे लोक होतेच आणि ते स्वस्तही पडत. रिओ ग्रान्देच्या खालच्या खोऱ्यात अशा मजुराला तासाला २५ सेंट किंवा त्याहूनही कमी मिळत. करारावरच्या मजुराला पुढे किमान ५० सेंट द्यावे लागत, शिवाय घर आणि भाडे वेगळे. कोणता मजूर ठेवायचा, हे मालकाला सांगावे लागत नव्हते.

सरकार काय करत होते? १९४७ पासून बेकायदा आलेल्या मजुराला पकडायचे, सीमेवर न्यायचे, तिथेच करारावर सही घ्यायची आणि त्याच शेतावर परत पाठवायचे, अशी पद्धत रूढ झाली. अधिकारी याला ‘वाळवणे’ म्हणत. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या स्थलांतरित मजूर आयोगाने १९५१ मध्ये दिलेली आकडेवारी बोलकी आहे : १९४७ ते १९४९ या काळात मेक्सिकोतून रीतसर भरती होऊन आले ७४,६०० मजूर, आणि आधीच बेकायदा आत असलेल्या १,४२,२०० जणांना कागद मिळाले. मेक्सिकोतल्या भरती केंद्रावर महिनोन्‌महिने ताटकळणाऱ्याने यातून काय धडा घेतला असेल, ते उघड आहे.

मार्च १९५२ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा कडक केला, असे म्हणतात. बेकायदा माणसाला आसरा दिला तर प्रत्येक माणसामागे २,००० डॉलरपर्यंत दंड किंवा ५ वर्षांपर्यंत कैद. सीमेपासून २५ मैलांच्या आत बॉर्डर पेट्रोल या सीमा गस्त दलाला वॉरंटशिवाय खासगी शेतात शिरण्याची मुभा, राहते घर मात्र वगळून. पण त्याच कायद्यात एक वाक्य घुसवले गेले : कामावर ठेवणे म्हणजे आसरा देणे नव्हे. ही ‘टेक्सास प्रोव्हायझो’ नावाची पळवाट १९८६ पर्यंत टिकली. चौतीस वर्षे मजूर गुन्हेगार आणि त्याला राबवणारा निर्दोष. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज कोणता असे विचारले, तर आमच्या मते मोहिमेच्या आदेशापेक्षा हे एक वाक्य.

जानेवारी १९५४ मध्ये करार नव्याने करायची बोलणी फिसकटली. अमेरिकेने मेक्सिकोला न विचारता सीमेवरच भरती सुरू केली. कॅलेक्सिको आणि मेक्सिकाली या जोडशहरांमधल्या फाटकावर हजारोंची झुंबड उडाली. माणसे आत घ्यायला अमेरिकी अधिकारी उभे, त्यांना अडवायला मेक्सिकन शिपाई. त्या दिवसांतल्या एका प्रसिद्ध छायाचित्रात एका मजुराला दोन देशांचे अधिकारी दोन बाजूंनी ओढताना दिसतात. मार्चमध्ये नवा करार झाला. हद्दपारीची मोहीम त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी सुरू झाली, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

तयारी

ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, हर्बर्ट ब्राउनेल यांनी ऑगस्ट १९५३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सीमेचा दौरा केला आणि लष्कर मागितले. लष्कराने नकार दिला : देशांतर्गत कायदा राबवणे हे सैन्याचे काम नव्हे, आणि एवढी लांब सीमा अडवायला लागणारे मनुष्यबळही परवडणारे नव्हते. मग लष्कराऐवजी लष्करी माणूस आणला. जनरल जोसेफ स्विंग हे वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीच्या १९१५ च्या तुकडीतले आयझेनहॉवर यांचे सहाध्यायी, महायुद्धात ११ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे प्रमुख. मे १९५४ मध्ये त्यांनी इमिग्रेशन अँड नॅचरलायझेशन सर्व्हिस या स्थलांतर खात्याची, म्हणजे आयएनएसची, सूत्रे घेतली.

स्विंग यांच्या हाताशी किती लोक होते? सगळ्या देशात मिळून बॉर्डर पेट्रोलची माणसे हजाराच्या आसपास; त्यांतली सुमारे साडेसातशे मोहिमेवर लावली. एवढ्या बळावर दहा लाख माणसे धरणे हा गणितात न बसणारा दावा आहे. स्विंग यांनाही ते ठाऊक होते, म्हणून त्यांनी दोन गोष्टी आधी केल्या. एक, मोहिमेची जाहिरात. ९ जूनला घोषणा झाली, वर्तमानपत्रे आणि रेडिओ यांनी ती घरोघर पोचवली, जेणेकरून पुष्कळ लोक धाकानेच निघून जावेत. दोन, मालकांशी बोलणी. बेकायदा मजूर जातील, पण ब्रासेरो हवे तितके, लवकर आणि कमी कटकटीत मिळतील, असा शब्द दिला गेला. पुढे आय-१०० नावाचे कार्ड आले. ज्याने नीट काम केले, तक्रार केली नाही, त्याला ते मिळे आणि पुढच्या हंगामात तो थेट सीमेवरूनच परत घेतला जाई. मालकाला नको असलेला मजूर कार्डाविना राही. मोहिमेचा हा भाग दोन्ही बाजूंच्या भाषणांतून गायब असतो.

प्रत्यक्ष कारवाई

१० जूनपासून कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनात रस्त्यांवर नाकाबंदी. १७ जूनपासून मुख्य झडती. बारा-बारा जणांची पथके, सोबत ट्रक, जीप आणि बस. वर एक लहान विमान घिरट्या घालत शेतातल्या टोळ्या हेरी आणि रेडिओवरून खालच्या पथकाला जागा कळवी. नोंदणीचे टेबलही फिरते : माणूस पकडला की जागेवरच नाव, गाव लिहून घ्यायचे आणि बसमध्ये बसवायचे. लॉस एंजेलिसमध्ये जागा अपुरी पडली तेव्हा एलिसियन पार्क या सार्वजनिक बागेतच लोकांना डांबून ठेवले.

कायद्याच्या अंगाने सर्वांत महत्त्वाचा टप्पा त्या टेबलावर घडे. पकडलेल्याला रीतसर हद्दपार करायचे तर सुनावणी, आदेश, अभिलेख हे सगळे आले. त्याऐवजी ‘मी स्वखुशीने जातो’ या पर्यायावर बोट ठेवले जाई. सुनावणी नाही, वकील नाही, पुढे गुन्हा म्हणून नोंद नाही. मजुरालाही ते सोयीचे वाटे, कारण रीतसर हद्दपार झालेला माणूस परत सापडला तर तुरुंगात जाई. जून १९५४ ला संपलेल्या वर्षात रीतसर हद्दपारी झाली सुमारे ३० हजार जणांची. ‘स्वखुशीने’ गेले सुमारे १० लाख ७४ हजार. शंभरात सत्त्याण्णव. ज्याला आज सामूहिक हद्दपारी म्हणून आठवले जाते, ती कायद्याच्या व्याख्येत बहुतांशी हद्दपारी नव्हतीच.

या घाईत चुकाही तशाच झाल्या. चेहरा मेक्सिकन आणि खिशात कागद नाही, एवढ्यावर अमेरिकी नागरिकही धरले गेले. जन्मदाखला खिशात घेऊन कापूस वेचायला कोण जातो? मजुरी अंगावर राहिली, सामान शेतावर राहिले, बायकामुलांना निरोप धाडायलाही सवड मिळाली नाही.

टेक्सासची पाळी जुलैच्या मध्यावर आली. पहिल्याच दिवशी ४,८०० जण पकडले, पुढे दिवसाला सरासरी ११००. तिथे विरोध खराखुरा होता, पण तो मजुरांचा नव्हता. खोऱ्यातले शेतमालक आणि दुकानदार चिडले. काही गावांत बॉर्डर पेट्रोलच्या माणसांना हॉटेलात जेवण मिळेना. सप्टेंबरात शिकागोसारख्या शहरांत धाडी पडल्या, पण तोवर पैसा संपत आला होता. शरद ऋतूत मोहीम थंडावली.

कुठे नेऊन सोडायचे?

आधीच्या वर्षांचा अनुभव असा की पुलावरून पलीकडे सोडलेला माणूस संध्याकाळी परत येई. म्हणून या वेळी सीमेपासून दूर, मेक्सिकोच्या पोटात नेऊन सोडायचे ठरले. कॅलिफोर्नियात पकडलेल्यांना बसने ॲरिझोनातल्या नोगालेसला आणून तिथून मेक्सिकोच्या आगगाडीने दक्षिणेला पाठवत. टेक्सासमधून प्रेसिदियो गाठायचे, कारण समोरच्या ओहिनागातून रेल्वे होती. मेक्सिको सरकारने या कामात साथ दिली आणि त्यामागे स्वार्थ होता : मेक्सिकाली आणि मातामोरोसच्या कापूस पट्ट्यातल्या मेक्सिकन जमीनदारांचीच मजुरांअभावी ओरड होती. विमानाचा प्रयोग १९५१ मध्ये होऊन गेला होता; खर्च पाहून काँग्रेसने पैसे बंद केले.

राहिला समुद्र. सप्टेंबर १९५४ पासून टेक्सासच्या पोर्ट इसाबेलहून मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझ बंदराकडे जहाजे सुटू लागली. ‘एमान्सिपासिओन’ हे पहिले. या स्पॅनिश नावाचा अर्थ मुक्ती. नावाची निवड योगायोगाची असली तरी जिव्हारी लागणारी. एका खेपेत सुमारे ८०० माणसे. मालवाहू जहाज, मुळात इतक्या प्रवाशांसाठी नसलेले, आणि उन्हाळ्यातले मेक्सिकोचे आखात. ऑगस्ट १९५६ मध्ये ‘मेर्कुरिओ’ या जहाजावर बंड झाले. तांपिकोजवळ कित्येकांनी पाण्यात उड्या घेतल्या आणि त्यांतले काही बुडून मेले. काँग्रेसच्या चौकशीत या जहाजाची तुलना अठराव्या शतकातल्या गुलामवाहू जहाजांशी झाली. त्यानंतर समुद्री खेपा बंद पडल्या.

मेक्सिकालीत उन्हात सोडलेल्यांपैकी ८८ जण उष्माघाताने दगावले, हा आकडाही वारंवार वाचायला मिळतो. तो कामगार संघटनेच्या एका माणसाने दिलेला असून जुलै १९५५ चा, म्हणजे मुख्य मोहिमेनंतरच्या धरपकडीचा आहे. उद्धृत करताना एवढे भान ठेवावे.

आता हिशेब

अमेरिकेचे तेव्हाचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपे. आयएनएसच्या तक्त्यात पकडलेल्यांची संख्या अशी : १९५३ मध्ये ८,८५,५८७, १९५४ मध्ये १०,८९,५८३, १९५५ मध्ये २,५४,०९६, १९५६ मध्ये ८७,६९६.

तारखा लावून पाहा. ‘१९५४’ हे वर्ष जुलै १९५३ ते जून १९५४. मोहीम सुरू झाली जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. दहा लाखांच्या त्या आकड्यात मोहिमेचे जेमतेम तीन आठवडे येतात. बाकीचे ४९ आठवडे नेहमीच्या गस्तीचे, बहुतांशी स्विंग यांच्या आधीच्या काळातले. टेक्सासचा सगळा धडाका आणि शिकागोच्या धाडी पुढच्या वर्षात मोडतात, आणि त्या अख्ख्या वर्षाची बेरीज अडीच लाख. शिवाय ही मोजणी माणसांची नाही, पकडण्याची आहे. एकाच हंगामात तीनदा सापडलेला मजूर तक्त्यात तीनदा येतो. पंधरा लाखांसारख्या फुगलेल्या आकड्यांतला उरलेला भाग म्हणजे स्वतःहून निघून गेल्याचे मानलेले लोक. एकट्या टेक्सासमध्ये हा अंदाज पाच ते सात लाखांचा दिला गेला. स्वतःहून गेलेल्याची नोंद कोणत्या वहीत होणार?

पण घसरण तर खरी आहे. दहा लाखांवरून दोन वर्षांत ८८ हजारांच्या आत! ती कशाने झाली, हे दुसऱ्या तक्त्यात दिसते. करारावर आलेले ब्रासेरो : १९५३ मध्ये २,०१,३८०, १९५४ मध्ये ३,०९,०३३, १९५५ मध्ये ३,९८,६५०, १९५६ मध्ये ४,४५,१९७. तीन वर्षांत दुपटीहून अधिक. म्हणजे मोहिमेने माणसांची ये-जा थांबवली नाही, तिच्यावर कागद चिकटवला. धाकाचा काहीच परिणाम नव्हता असे नाही. धाकामुळेच मालक कराराकडे वळले. पण पर्यायी दार उघडले नसते तर नुसत्या साडेसातशे शिपायांनी तो आलेख खाली आणला असता, असे मानायला आधार सापडत नाही.

उलटी परीक्षाही इतिहासाने घेतली. ब्रासेरो करार ३१ डिसेंबर १९६४ ला संपला. १९६५ च्या कायद्याने १९६८ पासून उत्तर आणि दक्षिण अमेरिका खंडांतून येणाऱ्यांवर वर्षाला १,२०,००० ची मर्यादा घातली. शेते तीच, माणसे तीच, कागद गेला. १९७७ मध्ये पकडलेल्यांची संख्या पुन्हा दहा लाखांच्या वर.

कोण कोणत्या बाजूला होते

आजच्या चष्म्यातून ही फळी ओळखू येत नाही. मेक्सिकन वंशाच्या अमेरिकी नागरिकांची संघटना असलेला अमेरिकन जीआय फोरम सुरुवातीला मोहिमेच्या बाजूने होता. स्वस्त बेकायदा मजुरामुळे खोऱ्यातल्या त्यांच्याच लोकांची मजुरी पडत होती, आणि हा राग खोटा नव्हता. कामगार संघटनांचेही तेच म्हणणे. विरोधात मोठे शेतमालक आणि त्यांचे प्रतिनिधी. पुढे बागेतल्या छावण्या, तुटलेली कुटुंबे आणि नागरिकांवरच येणारा संशय पाहून मोहिमेच्या बाजूच्या बऱ्याच जणांची भूमिका बदलली. १९३० च्या मंदीतली आठवणही ताजी होती : तेव्हा लाखो मेक्सिकनांना, त्यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांसकट, मेक्सिकोत धाडले होते. कॅलिफोर्नियाने त्याबद्दल कायदा करून २००५ मध्ये माफी मागितली.

आजच्या वादात हा नमुना कुठे बसत नाही

१९५४ चा सरासरी मजूर एकटा पुरुष, हंगामी, सीमेच्या जवळ आणि एकाच शेजारी देशातला. प्यू संशोधन केंद्राच्या अंदाजाने २०२२ मध्ये विनाकागद लोक सुमारे १ कोटी १० लाख होते. अमेरिकेत जन्मलेली, म्हणून नागरिक असलेली, सुमारे ४४ लाख मुले तेव्हा अशा पालकांसोबत राहत होती. बसमध्ये बसवून नदीपलीकडे सोडण्याचा पर्याय यांतल्या फार थोड्यांना लागू पडतो. देशाच्या आत पकडलेल्या बहुतेकांना सुनावणी मागता येते, आणि २०२४ च्या अखेरीस इमिग्रेशन न्यायालयांत ३५ लाखांहून अधिक प्रकरणे तुंबलेली होती. १९९६ च्या कायद्याने सुनावणीविना झटपट काढून देण्याची सोय केली खरी. तिची व्याप्ती किती ताणायची, यावरच आता खटले लढले जात आहेत.

शिवाय जायचे कुठे, हा प्रश्न आता जगभर पसरला आहे. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्कराचे सी-१७ विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. बहुतेक हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे, तिघे महाराष्ट्राचे. हातकड्या आणि पायांतल्या साखळ्यांवरून संसदेत गदारोळ झाला. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी दुसऱ्या दिवशी राज्यसभेत सांगितले की बांधून आणण्याची ही पद्धत २०१२ पासूनची आहे, आणि एकट्या २०१९ मध्ये २,०४२ भारतीय असे परत आले होते. एवढ्या लांबच्या देशासाठी प्रवासी कागद, त्या सरकारची संमती आणि विमान हे तिन्ही जमवावे लागते. यांतले एक अडले की माणूस कोठडीत आणि खर्च चालू.

मालकांचा प्रश्न मात्र जागचा हललेला नाही. १९८६ च्या कायद्याने २७ लाख लोकांना कागद दिले आणि जाणूनबुजून बेकायदा माणूस ठेवणाऱ्याला दंडाची तरतूद केली. ‘जाणूनबुजून’ हा शब्द मालकाच्या कामी आला : दाखवलेला कागद वरवर खरा दिसला की त्याची जबाबदारी संपते. खोट्या कागदांचा बाजार तेव्हापासून फोफावला. हंगामी शेतमजुरांसाठी एच-२ए व्हिसा आहे आणि आता वर्षाला साडेतीन लाखांहून अधिक जागांना मंजुरी मिळते, म्हणजे ब्रासेरोच्या ऐन भराच्या काळाच्या जवळपास. तरीही पिकांवर राबणाऱ्यांतले ४० टक्क्यांच्या आसपास लोक विनाकागदच.

जून २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या शेतांवर धाडी पडल्या, शेतमालकांनी वॉशिंग्टनकडे धाव घेतली, आणि शेते, हॉटेले, मांस प्रक्रिया कारखाने येथील कारवाई थांबवण्याचा अंतर्गत आदेश निघाला. काही दिवसांतच तो फिरवला गेला. जुलैत काँग्रेसने कोठडीच्या जागांसाठी ४५ अब्ज डॉलर मंजूर केले. मजुराचे कागद संगणकावर पडताळणारी ई-व्हेरिफाय यंत्रणा मात्र बहुतेक खासगी मालकांसाठी संघराज्याच्या कायद्याने अजूनही ऐच्छिकच आहे.